ग्वाल्हेरची कोरडी थंडी आणि इसब: अंगाला किती लावायचं, ताटात काय वाढायचं

दिवाळी आटोपली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली गोठते. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होतं, त्यामुळे ती बाटली हाच माझा हवामान खात्याचा इशारा. ती गोठली की मुलीच्या कोपरांच्या आतल्या घड्या आणि गुडघ्यांमागची जागा आठवड्याभरात लाल होणार, हे ठरलेलं. तिला आठव्या महिन्यापासून इसब आहे. डॉक्टर त्याला ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात, आमच्या गल्लीत सगळे ‘खुश्की’ म्हणून सोडून देतात. आता ती नऊ वर्षांची आहे.

या काळात आम्ही ज्या चुका केल्या त्यांतली सर्वांत मोठी आधी सांगते. आम्ही मॉइश्चरायझर, म्हणजे त्वचा ओलसर ठेवणारं मलम, चिमूटभर लावलं आणि पथ्य मात्र भरपूर पाळलं. वांगं बंद, दही बंद, दाणे बंद, आणि ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरवायची. इसब असलेल्या मुलांच्या घरी गेले की बहुतेक ठिकाणी मला हेच दिसतं. करायला हवं ते याच्या उलट, आणि ते कसं, हे पायरीपायरीने लिहिते आहे.

आधी खात्री करा की हा इसबच आहे

मराठीत इसब, नायटा, गजकर्ण, खरूज हे शब्द घरात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत. नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशी. तिचं वर्तुळ कडेने वाढत जातं, कड लालसर आणि उंच, मधली जागा जरा स्वच्छ. जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली ती जास्त. खरूज किड्यामुळे होते. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या येतात, आणि घरात एकाला झाली की हळूहळू सगळेच खाजवू लागतात. इसब संसर्गजन्य नाही. तान्ह्या बाळाला तो गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो, मोठ्या मुलांना घड्यांमध्ये. घरात कोणाला दमा, सततच्या शिंका किंवा इसब असण्याची शक्यता बरीच असते.

ही ओळख न पटवल्याचा फटका आम्हाला बसला. मुलगी दोन वर्षांची असताना मी एका मेडिकलच्या दुकानातून न विचारता एक ‘खाजेचं क्रीम’ आणलं. तीन दिवसांत गाल मऊ झाले, म्हणून दोन महिने लावलं. त्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही होतं. गालांची कातडी पातळ झाली, बारीक लाल शिरा दिसू लागल्या, आणि बंद करताच पहिल्यापेक्षा दुप्पट भडका उडाला. अशी तीन-तीन औषधांची मिश्रणं चिठ्ठीशिवाय सहज हातात पडतात. नायट्यावर ती लावली तर बुरशी काही दिवस दबून पुढे हट्टी होते. पहिलं निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्या. खासगी दवाखाना परवडत नसेल तर इथल्या सरकारी जयारोग्य रुग्णालयात जा, रांगेत सकाळ जाईल, पण ती सकाळ वाया जात नाही.

नेमकं बिघडलेलं काय असतं

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. इसबाच्या त्वचेत हा चुना कमी असतो. शिवाय फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन विटांना आकार देतं आणि पाणी धरून ठेवतं. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये समोर आला. अर्थ एवढाच, की बऱ्याच मुलांना ही भिंत जन्मतःच जराशी पोकळ मिळालेली असते. फटींतून पाणी बाहेर जातं, आणि साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग खाज, खाजवणं, त्यामुळे आणखी फटी, आणखी खाज.

म्हणून मॉइश्चरायझर हेच मुळात इसबाचं औषध आहे. बाहेरून चुना भरत राहणं. तो रोज झिजतो, म्हणून रोज भरायचा.

आंघोळ

आपल्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा कधी कधी दोन-तीन अंशांवर येतो. अशा वेळी गीझरचं वाफाळतं पाणी अंगावर घेण्याचा मोह कोणाला होत नाही! पण गरम पाणी त्वचेतलं तेल धुऊन नेतं आणि नंतर खाज उसळते. पाणी कोमटच हवं. मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतलं तर ना गार ना गरम, असं. रोज एकदा, पाच ते दहा मिनिटं.

साधा साबण क्षारीय असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात. निरोगी त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. त्यामुळे साबणाऐवजी बिनवासाचा सिंडेट बार (साबण नसलेली सौम्य वडी) किंवा सौम्य क्लीन्झर घ्यावा, आणि तोही काखा, जांघा, पाय आणि मळलेल्या जागांपुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, ही समजूत सोडावी लागते.

अनेक घरांत बोअरचं पाणी वापरतात, आणि ते बहुधा जड असतं. जड पाण्यात साबणाचा साका अंगावर राहतो, म्हणूनही साबण कमीच बरा. मात्र केवळ इसबासाठी पाणी मृदू करणारं महागडं यंत्र बसवू नका. इंग्लंडमध्ये मुलांवर त्याची व्यवस्थित चाचणी झाली आणि इसबात फरक पडला नाही.

आणि उटणं. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान चुकवायला कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण उटण्याचा खरबरीत चोथा आणि सुगंधी पूड इसबाच्या कातडीवर घासणं म्हणजे भिंत खरवडणं. आमच्याकडे तेल लावून कोमट पाण्याची आंघोळ होते, उटण्याचं एक बोट शकुनापुरतं तळव्याला लावलं जातं, आणि ओवाळणी होते. सासूबाईंना पहिल्या वर्षी हे रुचलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनीच नातीसाठी उटणं वेगळं काढून ठेवलं.

डाळीचं पीठ, साय, दही, मध हेही चिरलेल्या कातडीवर लावू नका. फुटलेल्या त्वचेतून खाद्यपदार्थातली प्रथिनं आत गेली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं, आणि पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर ॲलर्जी उठू शकते. कडुलिंबाचा लेप, लिंबू, कच्ची हळद चुरचुरतात आणि दाह वाढवतात.

लावण्याची खरी रीत

आंघोळीनंतर टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. कातडी ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावायचं. उशीर झाला तर अंगावरचं पाणी उडून जाताना आतलंही घेऊन जातं. म्हणून आमच्याकडे डबा न्हाणीघरातच असतो. खोलीत जाऊन, कपडे घालून, मग लावू म्हटलं की ती वेळ निघून गेलेली असते.

किती लावायचं, यावर मी जरा थांबते, कारण सगळं घोडं इथेच अडतं. सगळं अंग कोरडं असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या आसपास लागतं. मोठ्या माणसाला ५०० ग्रॅमपर्यंत. आठवड्याला, महिन्याला नव्हे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं डॉक्टरांची जीभ घसरली. मग मी डबा वजनकाट्यावर ठेवून पाहिला. आम्ही आठवड्याला जेमतेम आठ-नऊ ग्रॅम वापरत होतो. प्रमाण वाढवल्यावर तीन आठवड्यांत रात्रीचं खाजवणं निम्म्यावर आलं. दुसरं काहीही बदललं नव्हतं.

एवढं लागणार असेल तर महागडी बाटली परवडत नाही, आणि तिची गरजही नाही. साधं पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात फार प्रभावी आहे. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेलं बिनवासाचं क्रीम कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेली क्रीमं चांगली, ऐपत असेल तर जरूर घ्या, पण थोडं महाग लावण्यापेक्षा भरपूर स्वस्त लावणं केव्हाही चांगलं. वर ‘हर्बल’ लिहिलंय की ‘बेबी’, याकडे पाहू नका. घटकांत सुगंध आहे का ते पाहा, असेल तर परत ठेवा. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं क्रीम टाचांच्या भेगांना उत्तम, पण सोललेल्या कातडीला झोंबतं. लहान मुलांना ते विचारल्याशिवाय लावू नये.

ऋतूप्रमाणे घट्टपणा बदला. कार्तिकापासून होळीपर्यंत जेली किंवा जाड मलम. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि घामाने जीव जातो, तेव्हा जाड मलमाने घामोळं येतं, म्हणून क्रीम. पावसाळ्यात पातळ लोशनही चालतं.

लावताना चोळू नका. अंगावर ठिपके द्यायचे आणि केसांच्या दिशेने, वरून खाली, हात फिरवायचा. उलटं चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या होतात. थंडीत जेली घट्ट होते, तेव्हा डबा पाच मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा. डब्यात बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्याने काढायचं, नाहीतर जंतू डब्यातच वाढतात. दिवसातून किमान दोनदा, आणि हात धुतले की दर वेळी. शाळेच्या दप्तरात एक छोटी डबी असू द्या, बाईंना एकदा भेटून कारण सांगून ठेवा.

एक धोका मात्र गंभीरपणे सांगते. पॅराफिनची मलमं कपड्यांत आणि पांघरुणांत मुरतात, आणि असं कापड पटकन आणि जोरात पेट घेतं. धुतल्यावरही ते पुरतं निघत नाही. देवघरातली समई, दिवाळीच्या पणत्या, गॅसची शेगडी, आणि आपल्याकडे चौकाचौकांत पेटणारे अलाव म्हणजे शेकोट्या, यांपासून मलम लावलेल्या मुलाला आणि त्याच्या कपड्यांना लांब ठेवा.

मोहरीच्या तेलाचा प्रश्न

ग्वाल्हेर, मुरैना, भिंड हा सगळा मोहरीचा पट्टा. इथे थंडीत बाळाला सरसोंच्या तेलाने मालीश होते, आणि शेजारच्या चाची प्रेमाने सांगतात, “बहू, सरसों का तेल रगड़ो, सब ठीक हो जाएगा.” त्यांचं मन मोडवत नाही, तरी सांगावं लागतं. मोहरीच्या तेलातला जो झणका नाकात जातो, तो कातडीलाही जळजळवतो, आणि प्रयोगांत ते त्वचेची भिंत भरून यायला उशीर लावतं असं दिसलं आहे. ऑलिव्ह तेलाची कीर्ती मोठी, पण त्यातलं ओलेइक ॲसिड भिंत सैल करतं. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक ॲसिड भरपूर, ते त्वचेला मानवतं. खोबरेलही बहुतेकांना चालतं. तेल एकटं पुरत नाही, थंडीत त्यावर जेली हवीच. आणि शेंगदाण्याचं तेल इसबाच्या बाळाच्या अंगाला लावू नका. कारण वर साय-दह्याच्या वेळी सांगितलं तेच.

स्टिरॉइड मलम: भीती नको, मनमानीही नको

एकदा हात पोळल्यावर मी स्टिरॉइडचं नावही काढू देत नव्हते. तीही चूकच होती. भडका उडालेला असताना फक्त मॉइश्चरायझरने आग विझत नाही. डॉक्टरांनी दिलेलं मलम, दिलेल्या जागी, दिलेल्या दिवसांपुरतं लावलं तर ते सुरक्षित आहे. चेहऱ्याला सौम्य, तळव्यांना तीव्र, असं ते जागेनुसार बदलतं, म्हणून एकाची ट्यूब दुसऱ्याला द्यायची नाही. मोजायची रीत अशी: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढा. ते झालं सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं. मलम आणि मॉइश्चरायझर यांच्यामध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. भडके वारंवार त्याच जागी येत असतील तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस मलम लावायला, किंवा टॅक्रोलिमससारखं बिनस्टिरॉइडचं मलम वापरायला डॉक्टर सांगतात. ते त्यांनाच विचारा.

आता ताटाकडे

इसब अन्नामुळे ‘होत’ नाही. काही मुलांना, विशेषतः तीव्र इसब असलेल्या तान्ह्या बाळांना, एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असते, आणि ती बहुधा लगेच दिसते: खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, उलटी. असं झालं तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना गाठा, आणि श्वास लागला तर थेट इस्पितळात. पण ‘परवा वांगं खाल्लं आणि आज खाज आली’ याला ॲलर्जी म्हणत नाहीत. रक्ततपासणीत वीस पदार्थांपुढे फुल्या आल्या म्हणूनही ती सिद्ध होत नाही. खाऊन त्रास होत नसेल तर त्या फुलीला अर्थ नाही.

आम्ही तशाच एका यादीवरून दूध, अंडी, दाणे, गहू बंद केले होते. चार महिने मुलीचं वजन हललं नाही, आणि इसब होता तिथेच. शिवाय इसबाच्या मुलाला एखादा पदार्थ बराच काळ बंद ठेवून पुन्हा दिला तर पूर्वी नसलेली ॲलर्जी उसळू शकते. म्हणून काही बंद करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं, आणि मग पुन्हा देऊन पाहायचं.

दाण्यांबद्दल तर विचारच उलटला आहे. लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांच्या, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचे निकाल आले: ज्यांना लवकर आणि नेमाने शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. ज्या घरात भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट पडतं, तिथे ही मोठी गोष्ट आहे. बाळाचा इसब तीव्र असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारून द्या. आणि दाणे अगदी मऊ वाटून, पातळ करूनच. अख्खा दाणा किंवा जाड कूट श्वासनलिकेत अडकतं.

मग कातडीसाठी खायचं काय? वेगळं काही नाही, पुरेसं आणि रोजचं. कातडी प्रथिनांची बनते, म्हणून प्रत्येक जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि दूध-दही, खात असाल तर अंडं. जस्त कमी पडलं तर तोंडाभोवती आणि हातापायांवर इसबासारखेच चट्टे येतात. ते हरभरे, तीळ, काजू, लाल भोपळ्याच्या बिया यांतून मिळतं. या बाबतीत ग्वाल्हेरची थंडी उदार आहे. इथे ज्याला बथुआ म्हणतात तो आपला चाकवत, त्याची ताकातली पातळ भाजी ताटभर खा. मेथी, मटार, पेरू, आवळे डिसेंबरात ढिगांनी असतात. जवसाची चटणी आठवड्यातून तीन-चारदा होऊ द्या, ओमेगा-३ त्यात चांगलं असतं, मात्र जवस भाजून कुटलेले हवेत, अख्खे पचत नाहीत. तिळाच्या गजकला, म्हणजे इथल्या तीळ-गुळाच्या कुरकुरीत वडीला, मी कधीच नाही म्हणत नाही, तिळाची ॲलर्जी नसेल तर.

थंडीत वाढणाऱ्या इसबात ड जीवनसत्त्वाचा थोडा उपयोग दिसला आहे. मंगोलियातल्या मुलांना हिवाळ्यात रोज १००० युनिट महिनाभर दिल्यावर सुधारणा झाली, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तरी साठ हजार युनिटच्या पुड्या मनाने घेऊ नका, आधी तपासणी करा. इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. प्रोबायोटिकच्या पुड्यांनीही इसबात म्हणावा असा फरक पडत नाही. तो पैसा मॉइश्चरायझरच्या डब्यात घाला. पाणी तहानेप्रमाणे प्या. जास्त प्यायल्याने कातडीचा कोरडेपणा जात नाही.

चिंच-गुळाची आमटी, टोमॅटो, संत्रं यांनी काही मुलांचं तोंडाभोवती लाल होतं. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते, आंबट रस फुटलेल्या कातडीला लागून झोंबतो. जेवायच्या आधी ओठांभोवती जेलीचा हात फिरवा, आणि मुलाला आमटी खाऊ द्या.

बाकीचं थोडक्यात

लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती पूर्ण बाह्यांचा सदरा. नवे कपडे आधी धुवा, आणि डिटर्जंट निघून जाईपर्यंत जास्तीचं एक पाणी काढा. नखं आठवड्यातून दोनदा कापा. खाज उठली की खाजवू नको म्हणण्यापेक्षा गार ओलं फडकं हातात द्या, मग वर क्रीम. खोलीत हीटर लावायचा तर झोपेच्या आधी बंद करा, हवा फार सुकते. होळीला सकाळी सगळ्या अंगाला जेलीचा जाड थर, पूर्ण बाह्या, आणि रंग खेळून आल्यावर घासाघीस न करता आंघोळ. रंग दोन दिवस राहिला तरी चालेल.

चट्ट्यांवर पिवळी खपली धरली, पाणी वाहू लागलं, आजूबाजूला गरम आणि दुखरं झालं, ताप आला, तर जंतुसंसर्ग झाला आहे, त्याच दिवशी दाखवा. एकसारख्या आकाराचे फोड किंवा टोचून काढल्यासारखे गोल खड्डे झपाट्याने पसरू लागले आणि मूल मलूल झालं, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी इस्पितळात जा, विशेषतः डोळ्यांजवळ असेल तर.

डॉक्टरांकडे जाताना घरात आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डबे पिशवीत घालून न्या, रिकामेसुद्धा. भडक्याच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दाखवायच्या दिवशी नेमकी कातडी शांत असते. आणि आठवड्याला किती ग्रॅम लावलं ते कागदावर लिहून न्या. आमच्या डॉक्टरांनी तो कागद आधी वाचला, मुलीचा हात नंतर पाहिला.